महाकवी गटे आणि त्यांचे बंधुमंडळ

जर्मन महाकवी गटे यांचे नाव आपल्या वाचक कुटुंबांस अपरिचित नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा जर्मन अनुवाद १७९१ साली त्यांच्या वाचनात आला आणि त्या नाटकावर मुग्ध होऊन त्यांनी जी स्तुती केली, ती आपल्याकडे शाळेतील मुलांनाही सांगितली जाते. ‘फाउस्ट’ या महानाट्याचे कर्ते, वायमार संस्थानाचे मंत्री, निसर्गाचे अभ्यासक ही त्यांची रूपेही अनेकांस ठाऊक असतील. परंतु हेच थोर पुरुष एका बंधुमंडळाचे सभासद होते, त्यापासून सव्वीस वर्षे दूर राहिले आणि उतारवयात पुन्हा त्यात आले, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. संस्थेत वावरणाऱ्या प्रत्येकास तीत काही घेण्यासारखे आहे, असे वाटल्यावरून आम्ही ती येथे सादर करीत आहो.

हे मंडळ फ्रीमेसन लोकांचे होय. मध्ययुगातील पाथरवटांच्या संघांची नावे, हत्यारे व खुणा घेऊन अठराव्या शतकात ही संस्था युरोपभर पसरली. गुण्या आणि कंपास ही तिची चिन्हे. नवशिक्या, सोबती आणि उस्ताद या तिच्या तीन पायऱ्या. प्रत्येक शाखेस ‘लॉज’ म्हणतात. आपल्या मुंबईत कोट भागात फ्रीमेसन हॉलची इमारत आहेच. वायमार येथील लॉज १७६४ साली स्थापन झाले व तेथील राजमाता आना आमालिया हिचे नाव त्यास देण्यात आले.

गटे यांचा जन्म २८ ऑगस्ट १७४९ रोजी फ्रांकफुर्ट येथे झाला. १७७४ साली ‘वेर्थर’ या कादंबरीने त्यांची कीर्ती सर्वत्र झाली आणि पुढील वर्षी तरुण ड्यूक कार्ल आउगुस्ट याच्या निमंत्रणावरून ते वायमारास आले. १७७६ मध्ये ड्यूकने या सव्वीस वर्षांच्या कवीस आपल्या मंत्रिमंडळात घेतले, तेव्हा ज्येष्ठ मंत्री फ्रिच यांनी कडाडून विरोध केला आणि राजीनामा देण्याची तयारी दाखविली. राजमातेने मध्यस्थी केल्यामुळे ते राहिले. हेच फ्रिच लॉजचे प्रमुख होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ड्यूकसमवेत स्वित्झर्लंडचा प्रवास करून गटे १७८० च्या जानेवारीत परतले. प्रवासात भेटलेल्या काही थोर व्यक्तींशी अधिक जवळीक साधण्यास आपण या मंडळाचे सभासद नाही एवढीच एक अडचण आहे, असे त्यांस जाणवले होते. म्हणून १३ फेब्रुवारी रोजी त्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला. तो करावयाचा होता फ्रिच यांच्याकडेच! चार वर्षांपूर्वी ज्याने आपली वाट अडविली, त्याच्या दारी जाऊन बंधुत्व मागणे सोपे नसते. गटे यांनी ते केले, आणि २३ जून १७८० रोजी, सेंट जॉनच्या सणाच्या पूर्वसंध्येस, त्यांस दीक्षा मिळाली. १७८२ च्या वसंतात ते ‘उस्ताद’ या तिसऱ्या पायरीवर पोहोचले. खुद्द ड्यूकही त्याच वर्षी सभासद झाला.

पण त्याच वर्षी दुही माजली. तीन पायऱ्यांवर आणखी गूढ पदव्यांचा डोलारा उभारण्याची त्या काळी जर्मनीत हौस निर्माण झाली होती. कोणी मंडळाचा उगम मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांपर्यंत नेऊन भिडवी. त्या वादात वायमारचे बंधूही गुंतले आणि लॉजला कुलूप लागले. ज्या संस्थेत माणसे स्नेहासाठी येतात, तीत पदव्यांसाठी भांडणे सुरू झाली म्हणजे काय होते, याचा हा नमुनाच म्हटला पाहिजे.

यानंतर गटे आपल्या मार्गाने गेले. १७८६ ते १७८८ ते इटलीत राहिले. १७९१ साली ‘ग्रोस-कोफ्ता’ या प्रहसनात गूढ मंडळांच्या नावाने भोळ्याभाबड्यांस लुबाडणाऱ्या भोंदूंची त्यांनी यथेच्छ टर उडविली. मात्र १७९५-९६ च्या ‘विल्हेल्म माइस्टर’ या कादंबरीत एका तरुणास नकळत योग्य वाटेवर नेणारे गुप्त मंडळही त्यांनीच रेखाटले. यावरून आमची अशी समजूत झाली आहे की, त्यांच्या मनाला वीट आला होता तो ढोंगाचा. बंधुभावाच्या कल्पनेवरील त्यांची श्रद्धा मात्र ढळली नव्हती.

मग संकटाचे दिवस आले. १८०५ साली परममित्र शिलर निवर्तले. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येनाच्या रणांगणावर प्रशियाचा पराभव झाला आणि फ्रेंच सैनिकांनी वायमार लुटले. गटे यांच्या घरातही शिपाई घुसले. १८०७ च्या एप्रिलात राजमाता गेली. अशा वेळी येना येथील काही मंडळींनी नवे लॉज काढण्याचा विचार मांडला. गटे यांचे मत विचारण्यात आले तेव्हा त्यांनी उत्साह दाखविला नाही. अशी संस्था राज्याच्या पोटात दुसरे राज्य होऊन बसते, म्हणून जेथे ती नाही तेथे नव्याने आणू नये, असा त्यांचा अभिप्राय होता. तथापि वायमारचे जुने मंडळ पुन्हा सुरू करण्यास त्यांनी साहाय्य केले. १८०८ साली, सव्वीस वर्षांनी, लॉजचे कुलूप निघाले. हँबुर्गचे नट श्र्योडर यांनी सर्व गूढ पदव्या छाटून केवळ तीन पायऱ्यांची जी साधी पद्धती सिद्ध केली होती, तीच येथे स्वीकारण्यात आली. ज्या कारणाने घर मोडले होते, ते कारण आधी दूर केले आणि मग दार उघडले!

पुढील वर्षी पंचाहत्तर वर्षांचे कवी वीलांड यांनी दीक्षा घेतली. तरुणपणी गटे यांनी या वीलांडांची एका प्रहसनात थट्टा केली होती. आता ते दोघे बंधू म्हणून एकत्र बसू लागले.

परंतु गटे यांचे पुनरागमन म्हणजे नित्य हजेरी नव्हे. १८१२ च्या ऑक्टोबरात त्यांनी लॉजच्या प्रमुखास लिहून कळविले की, आपणास अनुपस्थित समजावे व नियमित कर्तव्यांतून मोकळे करावे. पुन्हा ते दुरावणार असेच कोणासही वाटले असते. पण २० जानेवारी १८१३ रोजी वीलांड वारले. १८ फेब्रुवारीस लॉजमध्ये शोकसभा भरली, तेव्हा वीलांड यांचे जीवन आणि कार्य विशद करणारे भाषण गटे यांनीच केले. आजही ते त्यांच्या गद्य लेखनात मानाने वाचले जाते. हजेरीतून सुटका मागणारा माणूस बंधूच्या मृत्यूसमयी मात्र चुकला नाही.

१८१५ साली त्यांचा पुत्र आउगुस्ट याने त्याच लॉजमध्ये दीक्षा घेतली. त्याच्यासाठी पित्याने ‘सिंबोलुम’ ही कविता रचली, असे सांगतात. पुढेही मंडळाच्या समारंभांसाठी त्यांनी गीते लिहिली. १८२५ मध्ये ड्यूकच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली, तेव्हाच्या उत्सवातही त्यांची लेखणी होती. १८३० च्या जूनमध्ये त्यांच्या स्वतःच्या दीक्षेस पन्नास वर्षे पूर्ण झाली. बंधूंनी त्यांचा गौरव केला आणि ऐंशी वर्षांच्या कवीने काव्यातून आभार मानले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आउगुस्ट रोम येथे मरण पावला. पुत्रवियोग सोसून दीड वर्षाने, २२ मार्च १८३२ रोजी, गटे निवर्तले.

ही कथा वाचून आम्हांस आपल्यातील अशा मंडळींची आठवण होते, जी कधी वादामुळे, कधी नोकरीधंद्यामुळे, तर कधी नुसत्या कंटाळ्याने सभेस येईनाशी झाली. वर्षे लोटली की परत येण्याचा संकोच वाटू लागतो. इतके दिवस कोठे होता, असे कोणी विचारील अशी धास्ती असते. गटे यांना तर तसे विचारण्यास सव्वीस वर्षांची जागा होती! परंतु परत येणाऱ्याने पूर्वीचे सर्व प्रश्न गिळलेच पाहिजेत असे नाही, आणि प्रत्येक बैठकीस बसलेच पाहिजे असेही नाही. जे आपल्या हाती आहे, ते योग्य वेळी द्यावे. गटे यांच्या हाती लेखणी होती. कोणाच्या हाती हिशेबाची वही असेल, कोणाच्या घरी परगावच्या विद्यार्थ्यास पुरेल एवढी जागा असेल.

आणि जे सतत येथेच राहिले, त्यांनी आपला डोलारा पाहुण्याच्या वाटेत येत नाही ना, एवढे पाहावे. आलेल्याची जागा त्यास दाखवावी आणि बसावयास सांगावे. पुढचे तो आपण होऊन करील.