घोड्यांचे मास्तर विष्णुपंत छत्रे

सर्कस तुम्ही पाहिली असेल, नाहीतर पुस्तकात चित्र तरी पाहिले असेल. पण आपल्या देशातली पहिली सर्कस उभी करणारा माणूस आपल्याच कृष्णाकाठचा, अंकलखोपचा होता, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. औदुंबराला दत्ताच्या दर्शनाला आपण जातो ना, त्याला लागूनच हे गाव आहे.

विष्णुपंत छत्रे यांचा जन्म १८४० सालचा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. पुढे १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा आपल्या भागाला दक्षिण सातारा म्हणू लागले. १९६० साली सांगली हे नाव मिळाले. आमच्या आबांच्या जन्माच्या दाखल्यावर अजून दक्षिण सातारा असेच लिहिलेले आहे.

मी विष्णुपंतांवरच का लिहितोय ते सांगतो. आमच्या घरी वरातीची घोडी आहे. त्यावरून वर्गातली काही पोरं मला चिडवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आबा मला घोडीवर बसायला शिकवत होते. मी तीनदा पडलो. आईने रडून गोंधळ घातला आणि शिकणे बंद पडले. तेव्हा सरांनी मला छत्र्यांची गोष्ट सांगितली.

विष्णुपंतांना दोन नाद होते, गाण्याचा आणि घोड्याचा. दोन्ही शिकायला ते ग्वाल्हेरला गेले. ग्वाल्हेर इथून हजार किलोमीटरहून जास्त दूर, आणि तिथे तेव्हा आगगाडीही पोहोचली नव्हती. पण तिथे शिंद्यांचे राज्य होते. शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे, त्यामुळे तिकडे मराठी माणसे पुष्कळ. विष्णुपंत बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या शिकले आणि हद्दूखाँ या मोठ्या गवयांकडे गाणे. परत आल्यावर कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पागेचे काम त्यांच्याकडे आले.

नुसते घोड्यावर बसता येणे वेगळे आणि घोडा शिकवणे वेगळे. शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणतात. चाबूक मारण्यासाठी नसतो, तो खूण करण्यासाठी असतो. घोड्याला लांब दोरी बांधायची, आपण मध्ये उभे राहायचे आणि त्याला गोल फिरवायचे. खळ्यातल्या मेढीभोवती बैल फिरतात तसे. इंग्लंडात फिलिप ॲस्टली नावाचा एक घोडेस्वार शिपाई होता. तो १७६८ पासून असेच गोल फिरणाऱ्या घोड्यावर उभा राहून लोकांना खेळ दाखवू लागला. सर्कशीचे रिंगण त्याच्यापासून आले. ते ४२ फूट रुंद असते, म्हणजे २८ हात. एवढ्या गोलात घोडा एका चालीने पळाला की स्वार आतल्या बाजूला कलतो आणि पाठीवर तोल सांभाळू शकतो. चाल मध्येच बदलली की संपले! आमची घोडी पाण्याच्या हौदाजवळ आली की पाय उचलते. मी तिन्ही वेळा तिथेच पडलो. म्हणजे चूक माझीच नव्हती, हे आईने वाचावे.

अनेक घोडे एका ओळीत फिरवायचे असतील तर काम आणखी अवघड. कवायतीत आपली ओळ वळते तेव्हा कडेचा मुलगा जवळजवळ पळतो आणि आतला जागच्या जागी पाय आपटतो, तरच ओळ सरळ राहते. घोड्यांचेही तसेच. बाहेरच्याने लांब टाप टाकायची, आतल्याने आखूड. हे त्या मुक्या जनावराला समजायला फार दिवस लागतात. आणखी एक गंमत. लोकांना वाटते की सर्कशीतला घोडा बँडवर नाचतो. खरे उलटे आहे. बँडवाला घोड्याच्या पायांकडे बघून ठेका धरतो. विष्णुपंतांना तालाचे ज्ञान होते, त्यांना हे नक्कीच उपयोगी पडले असणार असे मला वाटते.

१८७९ साली मुंबईत कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस आली. कुरुंदवाडच्या संस्थानिकांबरोबर विष्णुपंतांनी ती पाहिली. अशी सर्कस काढणे हिंदी लोकांना इतक्यात जमायचे नाही, असे कियारिनी म्हणाल्याचे सांगतात. ते विष्णुपंतांच्या मनाला लागले. १८८० साली त्यांची ग्रेट इंडियन सर्कस सुरू झाली. वाघ-सिंहांचे खेळ आता सर्कशीत बंद आहेत आणि ते बरेच झाले. पण छत्र्यांची खरी करामत घोड्यांचीच. ही सर्कस देशभर आणि परदेशातही फिरली. तिचे पाहून आपल्याकडे म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर यांनी सर्कशी काढल्या. केरळात तलशेरीला विष्णुपंतांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या कसरतीच्या शिक्षकांशी पडली. त्यांनी पुढे १९०१ साली तिथे सर्कशीची शाळाच काढली.

मला सर्वात आवडलेली गोष्ट मात्र सर्कशीची नाही. हद्दूखाँ वारल्यावर त्यांचा मुलगा रहिमतखाँ भ्रमिष्ट होऊन काशीत भटकत होता. गाणे अजब, पण अंगावर धड कपडा नाही, खायची शुद्ध नाही. विष्णुपंतांना तो तिथे सापडला. गुरूचा मुलगा म्हणून त्यांनी त्याला आपल्याबरोबर आणले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन त्याचे गाणे लोकांना ऐकवले. १९०५ साली विष्णुपंत वारले. त्यानंतर त्यांचे भाऊ काशिनाथपंत यांनी रहिमतखाँना सांभाळले. रहिमतखाँ १९२२ साली कुरुंदवाडलाच वारले.

त्यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या होत्या, त्या आजही ऐकायला मिळतात. सरांनी मला मोबाईलवर एक ऐकवली. मी ती घरी नेऊन तबेल्यात लावली. मला त्यातले काही कळले नाही. घोडीने मात्र चंदी खायची थांबवून कान टवकारले. आबा म्हणाले आहेत, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा दोरीवर फिरवू, पण हौदापासून लांब.