चार्ली पार्कर : साध्या ब्लूजचा अवघड उस्ताद

भूप राग आपल्याकडे अगदी सुरुवातीला शिकवतात. पाचच स्वर. पण किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकला की कळतं, हे पाच स्वर सांभाळायला किती रियाज लागतो. जॅझमध्ये ही जागा ब्लूजची. चार-चार मात्रांचे १२ विभाग, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. मुळात तीनच कॉर्ड. तालीम न करता जमलेल्या वादकांच्या बैठकीला तिकडे जॅम सेशन म्हणतात. तिथे अनोळखी मंडळी भेटली की हमखास निघते ती ब्लूजची चाल, कारण ती सगळ्यांना येते. येते, पण वाजत नाही. हा फरक अपमान सोसून शिकलेला माणूस म्हणजे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर.

त्याचा जन्म २९ ऑगस्ट १९२० चा, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. वडील घरात नसल्यासारखेच. आई अ‍ॅडी रात्रपाळीत साफसफाईचं काम करी. तिनंच त्याला सॅक्सोफोन मिळवून दिला. आई कामावर गेली की पोरगा क्लबांच्या मागच्या दारांशी. जेमतेम दोन गाणी येत असताना तो एका जॅममध्ये शिरला आणि हसं करून घेऊन परतला. १९३६ साली रेनो क्लबमध्ये तर कहर झाला. ड्रमवर काउंट बेसीच्या वृंदातला जो जोन्स. पार्कर अवघड जागा घ्यायला गेला आणि वाट चुकला. जोन्सनं ड्रमची झांज काढून जमिनीवर भिरकावली. अख्ख्या क्लबासमोर मंचावरून उतरायची ही खूण. पार्करचं वय तेव्हा पंधरा-सोळा.

पुढच्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगराळ भागात एका वृंदाबरोबर काम मिळालं. तिथे त्यानं लेस्टर यंगच्या तबकड्या लावून लावून एकेक जागा पाठ केली. यंग थोडक्यात बोलणारा वादक, हे महत्त्वाचं. १९४१ मध्ये जे मॅकशॅनच्या वृंदातून ‘हूटी ब्लूज’ ध्वनिमुद्रित झालं. त्यात पार्करच्या वाट्याला जेमतेम एक आवर्तन आलं, पण तेवढ्यानं जाणत्या वादकांचे कान टवकारले.

मग न्यूयॉर्क, हार्लेममधल्या पहाटेपर्यंत चालणाऱ्या बैठकी, डिझी गिलेस्पीची सोबत आणि बीबॉप. त्याच्या वेगाच्या गोष्टी सगळे सांगतात. मला मात्र २६ नोव्हेंबर १९४५ चं ‘नाउज द टाइम’ जास्त मोठं वाटतं. मुखडा म्हणजे मोजक्या स्वरांचा एक तुकडा, तोच पुन्हा पुन्हा. नवशिका तासाभरात बसवेल. पण त्यावर पार्कर वाजवतो तेव्हा वाक्य, श्वास, उत्तर, सगळं गायकीसारखं येतं. नाट्यगीतांवर वाढलेल्या आपल्या कानांनाही ते परकं वाटू नये.

शेजारी ट्रम्पेटवर १९ वर्षांचा माइल्स डेव्हिस. गुरूच्या वेगामागे धावायचं त्यानं टाळलं. थोडे स्वर घेतले, मध्ये मोकळी जागा सोडली. तेव्हा त्यावर टीका झाली. १९५८ साली डेव्हिसच्याच एका तबकडीत पियानोवादक रेड गार्लंडनं तेच वादन पुन्हा उभं केलं. जॅमला बसू पाहणाऱ्यानं आधी हे ऐकावं.

१९४९ मध्ये ‘नाउज द टाइम’चा तोच तुकडा ‘हकलबक’ नावानं नाचाचं गाणं होऊन अमेरिकाभर गाजला. संगीतकार म्हणून नाव लागलं दुसऱ्याचं.

तोवर हेरॉइननं पार्करला पोखरलं होतं. किशोरवयातच लागलेलं व्यसन. त्यापायी १९४६-४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात सहा महिने गेले. बाहेर आल्यावर, १९४८ मध्ये, त्यानं ‘पार्कर्स मूड’ वाजवला: संथ, उघडा ब्लूज, लपायला जागाच नाही असा. १९५४ मध्ये त्याची दोन वर्षांची मुलगी गेली आणि उरलासुरला तोल गेला.

१२ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका स्नेही बाईंच्या घरी, टीव्हीवरचा कार्यक्रम बघत असताना त्याचा जीव गेला. आलेल्या डॉक्टरांनी देह पाहून वयाचा अंदाज केला पन्नाशीच्या पुढचा. पार्कर ३४ वर्षांचा होता.