रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

ठाण्याची वागळे इस्टेट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. ज्यांनीं ती पाहिली नाहीं, त्यांचाही एखादा पुतण्या, भाचा किंवा शेजारी अशा वसाहतींत कामास गेलेला असेलच. १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभींच्या वसाहतींपैकीं ही एक होय. अशा ठिकाणीं लहान कारखान्यांत मोठ्या यंत्राचा एखादा सुटा भाग तयार होतो, तो दुसऱ्या कारखान्यांत जातो, तेथून तिसऱ्या. आणि शेवटीं मालावर ज्या कंपनीचें नांव उमटतें, तिला तो भाग घडविणारा कोण हें माहीत नसतें. त्यास मजुरी पोंचली काय, तो आपखुषीनें राबतो कीं ठेकेदाराच्या उचलीनें बांधला गेला आहे, हें कोणीं विचारावयाचें? हाच प्रश्न आपल्या काळीं ज्यांनीं धरून ठेविला, ते गृहस्थ ठाण्यांतच जन्मले होते.

नारायणरावांचा जन्म १८४८ सालीं एका गरीब माळी कुटुंबांत झाला. मूळ गांव पुणें जिल्ह्यांतील कन्हेरसर. शिक्षण बेताचें झालें. रेल्वेच्या व टपालाच्या खात्यांत नोकरी करून पुढें ते मुंबईस मांडवी येथील एका कापडगिरणींत स्टोअरकीपर झाले. कोठारावरच्या मनुष्यास प्रत्येक जिन्नस मोजून घ्यावा व मोजून द्यावा लागतो. चामड्याचा एक पट्टा कमी भरला तरी जाब द्यावा लागतो. माणसें मात्र त्या हिशेबांत कोठेंच नव्हतीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या वेळच्या गिरण्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालत. आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या मजुरास मुकादम कामावर लावी, आणि पुष्कळदां तोच त्यास व्याजानें पैसेही देई. पगार महिना संपून बरेच दिवस गेल्यावर हातीं पडे. तोंपर्यंत वाण्याचें देणें वाढलेलें असे, आणि मध्येंच काम सोडल्यास मागील पगारावर पाणी सोडण्याची पाळी येई. पायांत बेडी कोणाच्याच नव्हती, तरी जावें म्हटलें तर जातां येत नसे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें २०१२ सालीं सक्तीच्या मजुरीच्या ११ खुणा प्रसिद्ध केल्या. मजुरी अडकवून ठेवणें, कर्जांत बांधणें व बेसुमार तास राबविणें ह्या त्यांतल्याच तीन होत.

नारायणराव महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजांत सामील झाले, आणि १८८० सालापासून त्यांनीं कृष्णराव भालेकरांचें दीनबंधु पत्र मुंबईहून चालविलें. मजुरांसाठीं सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं त्यापूर्वींच खटपट आरंभिली होती, व १८८१ सालीं कारखान्यांचा पहिला कायदाही झाला होता. परंतु त्यानें रक्षण मिळालें तें मुलांस, आणि तेंही अगदीं तोकडें. ७ वर्षांचें मूल कामावर ठेवण्यास त्याची हरकत नव्हती! १८८४ च्या सप्टेंबरांत नारायणरावांनीं परळ येथें कामगारांच्या सभा भरविल्या. तेथें ठरलेल्या अर्जावर ५,५०० कामगारांनीं सह्या केल्या. मागणें असें होतें: दर रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, आणि कामावर दुखापत झाल्यास बरा होईपर्यंत पगार, जन्माचें अपंगत्व आल्यास पोटाची सोय. (रविवार म्हटल्यावर आमचे लोक देवळाची घंटा आठवतील. पण तो खंडोबाचाही वार आहे, आणि मजुरांच्या मनांत तोच होता.)

विरोध मालकांचाच होता असें नाहीं. मँचेस्टरचे गिरणीवाले हिंदुस्थानांतील गिरण्यांवर कायदा आणा म्हणून ओरडत होते, तें आपला धंदा राखण्यासाठीं. त्यामुळें कित्येक देशी पत्रकर्त्यांस अशा कायद्यांत परकीयांचा कावाच दिसे. त्यांचा संशय अगदींच निराधार नव्हता. परंतु परक्याच्या लोभानें आपल्या घरचा अन्याय न्याय ठरत नाहीं, हें नारायणरावांनीं ओळखलें, आणि त्यासाठीं आपल्याच लोकांची नाराजी पत्करली. त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला नियम, वर्गणी व सभासदांची यादी नव्हती. आजच्या अर्थानें ती युनियन नव्हेच. तरी २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें १०,००० कामगार जमले, आणि दोन स्त्रियांनीं तेथें भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. त्याच वर्षीं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायणराव बसले, आणि १८९१ च्या कायद्यानें सुटी सर्वांस मिळाली.

१८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हां सलोख्यासाठीं ते झटले; पुढें त्यांस रावबहादुर ही पदवी मिळाली. मग प्लेग आला. आजाऱ्यांची सेवा करतां करतां त्यांनाही तो लागला, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं ते वारले. वयाची पन्नाशीही झाली नव्हती.

ठेकेदाराच्या कसुरीबद्दल मूळ काम देणाऱ्यानेंही जबाबदार असावें, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणें ही घटनेच्या २३ व्या कलमाखालीं वेठबिगारीच होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणीं दिला. पगाराच्या तारखेचा कायदा त्याच्या बराच आधीं, १९३६ सालीं झाला होता. १,००० हून कमी माणसें असतील तेथें ७ तारखेच्या आंत, इतरत्र १० च्या आंत, असें त्यांत ठरलें. नारायणरावांनीं १५ तारीख मागितली होती.