विलायती ‘आंटी’ची झाली मराठी मावशी

पिंपरीच्या संत तुकारामनगरातील रंगमंदिराला आचार्य अत्रे यांचे नाव आहे. या उद्योगनगरीतील रसिकांना अत्रे ठाऊक आहेत ते मुख्यतः संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील घणाघाती वक्ते आणि ‘मराठा’चे संपादक म्हणून. एका इंग्रजी फार्सला त्यांनी मराठी घरात कसे आणून बसविले, ही हकीकत मात्र मागे पडली आहे.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुरंदर तालुक्यातील कोडीत येथे झाला. पुण्याच्या कॅम्पातील शाळेत त्यांनी मुलांना शिकविले, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका मिळविली. ‘झेंडूची फुले’मधील विडंबनांनी कविमंडळींची झोप उडविली होतीच, १९३३ मध्ये बालमोहन नाटक मंडळीच्या ‘साष्टांग नमस्कार’ने विनोदी नाटककार म्हणून त्यांचे आसन पक्के झाले.

ब्रँडन थॉमस यांचे ‘चार्लीज आंट’ हे नाटक १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये रंगभूमीवर आले आणि लंडनमध्ये त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना मुलींना खोलीवर बोलवायचे असते. पण घरंदाज मुली वडीलधाऱ्या बाईच्या सोबतीविना येणार कशा? मग एका मित्रालाच आंटी करून उभे केले जाते. स्वातंत्र्याच्या सुमारास अत्रे यांनी त्यावरून ‘मोरूची मावशी’ लिहिले, तेव्हा या कथेची गाठ सोडून नव्याने बांधावी लागली नाही. ऑक्सफर्डची ती अडचण पुण्या-मुंबईच्या घराघरांत जशीच्या तशी होती. निवड करावी लागली ती नात्याची. इंग्रजीत आंट एकच. मराठीत आत्या वेगळी, काकू वेगळी, मामी वेगळी. अत्रे यांनी लाड करणारी मावशी निवडली आणि निम्मी बाजी तिथेच मारली, असे आम्हांस वाटते.

काळही जुळून आला. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर लुब्ध झालेला प्रेक्षक अजून नाट्यगृहात होता. पण १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याकडे कल वाढला होता. नऊवारीतला पुरुष आता मोहविण्यासाठी नव्हे, हसविण्यासाठी येऊ लागला. बापूराव माने यांनी मावशी गाजविली.

पुढे अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ आले. त्या मानाने हा फार्स समीक्षकांनी किरकोळच मानला. १३ जून १९६९ रोजी अत्रे यांचे निधन झाले.

किरकोळ ठरलेली मावशी १९८५ मध्ये परतली. ‘सुयोग’ने दिलीप कोल्हटकर यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा उभे केले. प्रशांत दामले व प्रदीप पटवर्धन यांच्यासोबत मावशी होते विजय चव्हाण. अशोक पत्की यांच्या चालींवर नाचणाऱ्या या मावशीने दोन हजारांवर प्रयोग केले. चव्हाण २०१८ मध्ये गेले, तेव्हाही वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्यांची ओळख ‘मोरूची मावशी’ हीच होती.