होसे रिझाल : एका कुळाचा मुलगा

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फिलिपाईन्सला फार तर दोन ओळी मिळतात. १५२१ साली मॅगेलन तेथे मारला गेला, पुढे स्पेनने ती बेटे घेतली आणि १८९८ साली ती अमेरिकेकडे गेली. संपला इतिहास! मधली तीनशेहून अधिक वर्षे जणू कोणी जगलेच नाही. त्या बेटांचा राष्ट्रपुरुष म्हणजे डॉ. होसे रिझाल. तो डोळ्यांचा डॉक्टर होता, कादंबरीकार होता, अनेक भाषा जाणत होता. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या हौतात्म्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्याच्या घराखालच्या जमिनीविषयी लिहायचे आहे, कारण ती समजल्याशिवाय हा माणूस समजत नाही असे माझे मत झाले आहे.

लुझॉन बेटावर, मनिलाच्या दक्षिणेला, एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी कालांबा नावाचे गाव आहे. तेथे १९ जून १८६१ रोजी होसेचा जन्म झाला. अकरा भावंडांत तो सातवा. नऊ बहिणी आणि एकच भाऊ, दहा वर्षांनी मोठा, पासियानो. वडील फ्रान्सिस्को मेर्कादो ऊस आणि भात पिकवीत. आई तेओदोरा आलोन्सो मनिलाच्या शाळेत शिकलेली. त्या काळी बाईने शिकावे ही नवलाचीच गोष्ट, आणि होसेला अक्षरे शिकवली ती तिनेच. दिव्यावर झेप घेऊन जळणाऱ्या पतंगाची गोष्ट ती त्याला वाचून दाखवी. पतंग मूर्ख होता असे त्या मुलाला काही केल्या वाटेना. घर दगडी, मोठे; दारात घोडे, घरात पुस्तकांचा संग्रह. गावातल्या पहिल्या चार-दोन घरांत त्यांची गणना होई.

आणि एवढे सगळे असून जमीन त्यांची नव्हती!

कालांब्याची जवळजवळ सगळी जमीन डोमिनिकन पंथाच्या पाद्र्यांची होती. पूर्वी ती जेझुइटांकडे होती. १७६८ च्या सुमारास स्पेनच्या राजाने जेझुइटांना बेटांवरून घालवून दिले, तेव्हा ती सरकारजमा झाली. पुढे हात बदलत बदलत १८३३ साली डोमिनिकनांनी ती विकत घेतली. ज्यांनी गरिबीचे व्रत घेतलेले, त्यांच्याच नावावर हजारो एकर! मनिलाभोवतीच्या प्रांतांत तीन-चार पंथांच्या अशाच मोठमोठ्या जमिनी होत्या. पाद्रीच धर्मगुरू, पाद्रीच जमीनमालक, आणि गावच्या शाळेवर देखरेखही पाद्र्याचीच. मग तक्रार घेऊन माणसाने जावे कोणाकडे?

मेर्कादो घराणे पाद्र्यांचे कूळ होते. ठरलेला खंड भरायचा आणि जमीन वहिवाटायची. होसेचा एक पूर्वज चीनमधून आलेला. तोही शेजारच्या बिन्यान गावात डोमिनिकनांच्याच जमिनीवर स्थायिक झाला होता. म्हणजे ही कूळवहिवाट काही पिढ्यांची. माझे पणजोबा कूळ होते. आमच्या घरी खंड हा शब्द अजून आजोबांच्या तोंडी येतो, आणि तो उच्चारताना त्यांचा आवाज नकळत खाली जातो. १९४८ चा कूळकायदा आणि त्यानंतर १ एप्रिल १९५७ चा दिवस आला म्हणून आमच्या वाट्याला दोन एकर तरी राहिली. त्यामुळे कालांब्याची हकीगत वाचताना मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

तरीपण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मेर्कादो कूळ होते खरे, पण स्वतः नांगर धरणारे नव्हते. त्यांनी घेतलेली जमीन त्यांच्या हाताखालची पोटकुळे वाट्याने कसत. पाद्र्यांचा खंड द्यायचा, आपला वाटा ठेवायचा आणि उरलेले कसणाऱ्याला, अशी ती उतरंड होती. माझे पणजोबा कालांब्यात जन्मले असते तर ते होसेच्या वडिलांचे पोटकूळ झाले असते, वडिलांच्या पंगतीला बसले नसते. रिझालवर लिहिणारे पुष्कळ जण या बाजूने घाईघाईने निघून जातात. मला ते खटकते. पण त्याचबरोबर हेही खरे की वरचा माणूस कितीही सुखवस्तू असला तरी मालकाच्या मर्जीपुढे तोही उघडाच. जमीनदारीचा कारभारी एकदा मेर्कादोंकडे टर्की कोंबडा मागायला आला, रोगाने कोंबडे मेल्यामुळे फ्रान्सिस्कोंनी नाही म्हटले आणि पुढच्या खेपेस त्यांचा खंड दुप्पट झाला, असे सांगतात. एका कोंबड्यापायी!

होसे दहा-अकरा वर्षांचा असताना घरावर पहिला घाव पडला. नात्यातल्या एका स्त्रीला विष देण्याचा प्रयत्न केला या आरोपावरून आईला पकडण्यात आले. कारणे वेगळीच होती. शिपायांच्या एका अधिकाऱ्याला त्याच्या घोड्यासाठी वैरण हवी होती, ती फ्रान्सिस्कोंनी दिली नव्हती. त्याचा राग असा निघाला. कालांब्यापासून सांताक्रूझचा तुरुंग सुमारे पन्नास किलोमीटर. घरंदाज बाईला तेवढे अंतर पायी चालवत नेले. अडीच वर्षांनी ती निर्दोष सुटली. पण तोवर मुलाने पाहायचे ते पाहिले होते.

त्याच सुमारास, १७ फेब्रुवारी १८७२ रोजी, मनिलात गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन देशी धर्मगुरूंना बंडाच्या आरोपाखाली गळा आवळून मारण्यात आले. देशी धर्मगुरूंना स्पॅनिश पाद्र्यांच्या बरोबरीचा मान मिळावा असे ते म्हणत, हाच त्यांचा मूळ अपराध. पासियानो बुर्गोसांच्या घरी राहून शिकत होता. त्याचे शिक्षण तेथेच थांबले. तो कालांब्याला परतला आणि शेतीला लागला. धाकट्याला मात्र त्याने मनिलाच्या आतेनेओ शाळेत घातले. मेर्कादो हे नाव आता संशयित झाले होते, म्हणून घराण्याचे रिझाल हे दुसरे आडनाव लावून. जगाला माहीत असलेले नाव असे भीतीपोटी लावलेले आहे.

शाळेतली बक्षिसे, वैद्यकीचा अभ्यास, हे सगळे चरित्रांत सविस्तर आहे, मी ते सोडते. ३ मे १८८२ रोजी होसे गुपचूप स्पेनला निघाला. आईवडिलांनाही सांगितले नव्हते. बेत पासियानोचा, पैसेही त्यानेच जमवले. थोरली बहीण सातुर्निना हिने आपली हिऱ्याची अंगठी काढून दिली. माद्रिद, पॅरिस, हायडेलबर्ग येथे होसे शिकत होता आणि त्याचा खर्च कालांब्याचा ऊस भरत होता. साखरेचा भाव उतरला की त्याच्या पानातले अन्न कमी होई. नऊ बहिणींपैकी एकीलाही परदेशी शिकायला पाठवल्याचे मला कोठे आढळले नाही. अंगठ्या मात्र बहिणींच्या! पण चरित्रातला सगळ्यांत मोठा माणूस मला पासियानो वाटतो. शिकलेल्या एका माणसामागे न शिकलेली किती माणसे उभी असतात, हे आमच्यासारख्या घरांतून कॉलेजात आलेल्यांना तरी निराळे सांगायला नको.

१८८७ साली बर्लिनमध्ये त्याची पहिली कादंबरी, नोली मे तांगेरे, छापून झाली. पाद्र्यांच्या सत्तेचे तिने असे वाभाडे काढले की मनिलाच्या धर्मपीठांना घाम फुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो घरी आला. आईच्या डोळ्यांवर उपचार करणे हे येण्याचे एक मोठे कारण होते. आणि नेमका तेव्हाच सरकारकडून गावाला प्रश्न आला की या जमिनीचे उत्पन्न किती, मालक कर नीट भरतात काय. गावकऱ्यांनी हा कागद शिकलेल्या मुलापुढे ठेवला. होसेने माहिती गोळा करून उत्तर तयार केले. खंड मनमानीने वाढतो, पण पाटबंधारे, शाळा, शेतीसुधारणा यांवर मालक काही खर्च करत नाहीत. कुळाने जंगल तोडून रान वहितीला आणले की त्यावरही खंड बसतो किंवा ते काढून घेतात. खंड थकला तर रेडे ओढून नेतात. ८ जानेवारी १८८८ रोजी गावाने या कागदावर सह्या केल्या. सही करणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या दिवसाचे मोल कळेल.

पुढच्याच महिन्यात होसेला देश सोडावा लागला. पाद्र्यांनी कुळांवर दावे लावले. खटला कालांब्याहून मनिलाला, मनिलाहून माद्रिदला गेला. होसे स्वतः माद्रिदला धावला, काही उपयोग झाला नाही. गव्हर्नर जनरल वेलरने सैन्य पाठवले. १८९० आणि १८९१ मध्ये कुळे बेदखल झाली, घरे पाडली गेली. सत्तरी ओलांडलेल्या फ्रान्सिस्कोंना आपल्या दगडी घरातून बाहेर काढले. पासियानो आणि मेहुणे मिंदोरो बेटावर हद्दपार झाले. त्यापूर्वी एक मेहुणा पटकीने वारला होता, तर त्याला धर्माच्या दफनभूमीत जागा नाकारली गेली.

ज्या जमिनीने मुलाला शिकवले ती जमीन त्याच्या शिक्षणामुळे गेली. होसेला हे कळत नव्हते काय? पुरते कळत होते, आणि आपल्यामुळे घरचे भोगतात हे दुःख त्याने अखेरपर्यंत वाहिले. वडील किंवा बहिणी यांनी त्याला दोष दिल्याचे मात्र वाचनात आले नाही. १८९१ साली घेंट येथे निघालेल्या त्याच्या दुसऱ्या कादंबरीत तालेस नावाचा शेतकरी आहे. तो जंगल साफ करून शेत करतो, मग पाद्री येऊन ती जमीन आपली म्हणतात, खंड थोडका असतो तो वीस-तीस पेसोंवरून दोनशेवर जातो, आणि शेवटी तालेस डाकू होतो. कालांबा माहीत असलेल्याला ही कल्पित कथा वाटणार नाही.

उजाड झालेल्या कुळांना उत्तर बोर्निओत नेऊन नवे गाव वसवावे, अशीही खटपट त्याने १८९२ साली केली. ती साधली नाही. जून महिन्यात तो मनिलाला परतला. सोबतच्या बहिणीच्या सामानात पाद्र्यांच्या संपत्तीची टर उडवणारी पत्रके सापडली असे सांगून सरकारने त्याला दापितानला हद्दपार केले. गंमत पाहा, तेथे सोडतीत त्याला ६,२०० पेसो मिळाले. त्यातून त्याने वडिलांना पैसे पाठवले आणि समुद्रकाठी जमीन विकत घेतली. कुळाचा मुलगा जमिनीचा मालक झाला तो कैदेत असताना! तेथे त्याने शाळा काढली, दवाखाना चालवला, गावाला पाणी आणले.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये बंड पेटले. त्याचा त्यात हात नव्हता, तरी खटला भरला गेला, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी सकाळी मनिलाच्या मैदानावर त्याला गोळ्या घातल्या. प्रेत निनावी पुरले. बहीण नार्सिसा दफनभूमी धुंडाळत फिरली, ताजी माती पाहून तिने जागा ओळखली, आणि भावाच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने कोरून खूण ठेवली.

अमेरिकन राजवटीने १९०३ साली पाद्र्यांची सुमारे चार लाख एकर जमीन सुमारे ७२ लाख डॉलरला घेतली, त्यात कालांबाही होता. कुळांना ती हप्त्याने द्यायची असे ठरले. पण मिंदोरोतली पंथाची अशीच एक विशाल जमीन सगळीच्या सगळी साखरेच्या धंद्यातल्या अमेरिकन भांडवलदारांच्या हाती गेली. होसेचे कालांब्याचे घर १९५० साली पुन्हा बांधून उभे केले, त्याला शाळकरी मुलांनी वर्गणी दिली. पासियानो बंडात सेनापती झाला, अमेरिकनांच्या कैदेत पडला, सुटला, आणि कालांब्याशेजारच्या लोस बान्योस गावी पुन्हा शेती करू लागला. तो १९३० साली वारला.