मालवणचे प्रा. आघारकर आणि प्रयोगाची वही



आज आम्ही आपल्याच मालवणच्या एका सुपुत्राची ओळख करून देत आहोत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. पण ते आघारकर मालवणचे, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व पुढे तेथेच ते जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी मिळाली की ते सह्याद्रीत भटकत. अशाच भटकंतीत त्यांना सातारा जिल्ह्यातील नदीच्या पाण्यात जेलीफिश दिसला. समुद्रातला जेलीफिश आपल्या रापणकरांना नवा नाही. पण हा गोड्या पाण्यातला होता आणि त्या जातकुळीचा जीव फक्त आफ्रिकेत सापडतो, असे तोवर विद्वान समजत होते. तरुण आघारकरांनी पुस्तकापेक्षा पाण्यावर विश्वास ठेवला. नमुने कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी तपासले आणि जगाला आपली समजूत बदलावी लागली.

पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१४ साली अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही १९१९ साली त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. विषय होता, वायव्य भारतातील रुक्ष व खाऱ्या जमिनीवरील वनस्पतींच्या बिया दूरवर कशा पसरतात. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिचे ते संस्थापक संचालक. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. गहू व सोयाबीनचे सुधारित वाण तेथे तयार झाले आहेत.

आता मुलांसाठी एक प्रयोग. दोन बशांत कापूस ठेवा. प्रत्येकीत दहा-दहा मूग घाला. एकीत विहिरीचे पाणी, दुसरीत तेवढेच समुद्राचे. दोन्ही बशा एकाच खिडकीत ठेवा, म्हणजे फरक फक्त पाण्याचा राहील. रोज किती मूग रुजले ते मोजून लिहा. समुद्राच्या पाण्यातले बहुधा रुजणार नाहीत. मग वहीत काय लिहाल? खाऱ्या पाण्यात बी रुजत नाही? मग आपल्या वाळूवर मर्यादवेल कशी पसरते, खाडीत तिवर कशी वाढते? एवढेच लिहा, की या पाण्यात हे दहा मूग इतक्या दिवसांत रुजले नाहीत. नंतर तेच मूग गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा ठेवा. काही रुजले, तर ते मेले नव्हते, खाऱ्या पाण्याने अडून राहिले होते.

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आम्हांला हेच शिकवले गेले. एक गोष्ट दिसली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे ठरत नाही. पण हे कळायला आम्हांला उशीर झाला. शाळेत आमच्या बशीतले दाणे कुजले होते. मार्क जातील या भीतीने आम्ही शेजारच्या मित्राच्या वहीतले आकडे उतरवले. शिक्षकांनी शाबासकी दिली. ती आजही टोचते. ते दाणे का कुजले, हा प्रश्नच आम्ही त्या दिवशी पुसून टाकला.

पालकांनो, प्रयोग फसला म्हणून मुलांना रागावू नका. जे दिसले तेच लिही, असे सांगा. साताऱ्याच्या नदीकाठी त्या तरुण शिक्षकाने पुस्तकात आहे तेच लिहिले असते, तर आज त्यांची आठवण काढायचे कारण उरले नसते.

पुढच्या रविवारी मुलांनी आपल्या वह्या घेऊन यावे. कुजलेल्या दाण्यांची वही आम्ही आधी पाहू.

आपले,
धर्मगुरू