माणूस मोजणारा माणूस : अल्फोन्स बर्तियों

वर्कशॉपमध्ये जॉब मोजायचा म्हटलं की आपण व्हर्नियर काढतो. झीरो एरर बघतो, तीन रीडिंग घेतो, अ‍ॅव्हरेज काढतो आणि जर्नलमध्ये लिहून मोकळे होतो. पण जॉबच्या जागी जिवंत माणूस असेल तर? तो हलतो, श्वास घेतो, आणि कधी कधी खोटंही बोलतो! अशा माणसाचे हातपाय मिलिमीटरमध्ये मोजून त्याची ओळख पटवणारा एक अवलिया पॅरिसमध्ये होऊन गेला. त्याचं नाव अल्फोन्स बर्तियों.

त्याचा जन्म १८५३ चा. घराणं विद्वानांचं. वडील डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ. आजोबा आशिल गियार यांनी 'डेमोग्राफी' हा शब्द जगाला दिला. भाऊ जाक हासुद्धा नावाजलेला संख्याशास्त्रज्ञ. आणि आपले अल्फोन्सराव? शाळांमधून काढून टाकलेले, कुठल्याच नोकरीत न टिकलेले. शेवटी १८७९ मध्ये वडिलांच्या ओळखीने पॅरिस पोलिसांच्या कचेरीत कारकुनी मिळाली. काम काय, तर गुन्हेगारांच्या वर्णनाची कार्डं लिहायची.

ही कार्डं बिनकामाची होती. उंची मध्यम, चेहरा साधारण, खूण काही नाही. हे वर्णन तर आपल्या होस्टेलच्या अर्ध्या मुलांना लागू पडेल! फोटो होते, पण हजारोंच्या ढिगातून हवा तो शोधणार कसा? पकडलेला माणूस नवं नाव सांगायचा आणि पहिलाच गुन्हा म्हणून कमी शिक्षेत सुटायचा.

बर्तियोंच्या घरात लहानपणापासून कवट्या, मोजपट्ट्या आणि आकडेवारी. त्यामुळे त्याला सुचलं की नाव बदलता येतं, दाढी वाढवता येते, पण मोठ्या माणसाच्या हाडांची लांबी बदलत नाही. त्याने अकरा मापं ठरवली. उभी उंची, बसून उंची, पसरलेल्या हातांची लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, उजवा कान, डावं पाऊल, डावं मधलं बोट, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा डावा हात वगैरे. हातपाय डावेच का? कारण कष्टाच्या कामाने उजवी बाजू जास्त बदलते. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठं असे तीन भाग पाडून कार्डं त्या-त्या कप्प्यात ठेवायची. म्हणजे आजच्या भाषेत चक्क डेटाबेस इंडेक्सिंग!

वरिष्ठ आधी हसले. मग १८८२ च्या अखेरीस नव्या वरिष्ठांनी तीन महिन्यांची मुदत दिली. विचार करा, कार्डं जमा व्हायची, त्यातला कुणी सुटून परत गुन्हा करायचा आणि परत पकडला जायचा, हे सगळं तीन महिन्यांत! पण १८८३ च्या फेब्रुवारीत ड्युपाँ नाव सांगणाऱ्या एका माणसाची मापं जुन्या कार्डाशी जुळली. तो निघाला मार्तें. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, असे २४१ जण सापडले. १८९२ मध्ये बॉम्बस्फोट करणाऱ्या रावाशोलची ओळखही जुन्या मापांवरूनच पटली आणि बर्तियों जगभर गाजला. पोलीस आजही काढतात तो समोरून आणि बाजूने असा जोडफोटो त्यानेच पक्का केला.

आता गणिताकडे येऊ. तेव्हाचा हिशोब असा होता की दोन माणसांचं एक माप जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणून अकरा मापं जुळण्याची शक्यता ४१,९४,३०४ मध्ये एक. पण असा गुणाकार फक्त इंडिपेंडंट व्हेरिएबल्ससाठी चालतो. उंच माणसाचा हातही बहुतेक लांबच असणार ना? १८८८ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने उंची, मधलं बोट, कोपरापासूनचा हात अशाच मापांवरून कोरिलेशनची कल्पना मांडली. थर्ड सेमला आपला जीव खाणारं कोरिलेशन ते हेच!

दुसरी अडचण माणसांची. एक शिपाई कॅलिपर घट्ट दाबणार, दुसरा सैल. बंगालमध्ये पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्रीने आधी बर्तियोंचीच पद्धत वापरली, पण मापातल्या चुकांना कंटाळून तो बोटांच्या ठशांकडे वळला. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांनी ठशांचं वर्गीकरण बसवायला मोठा हातभार लावला आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो उभं राहिलं.

बर्तियोंने ठसे घेतले नाहीत असं नाही. १९०२ मध्ये त्याने ठशांवरून एक खुनीसुद्धा शोधला. पण त्याची कार्डं मापांनुसारच लावलेली राहिली. १९११ मध्ये मोनालिसा चोरीला गेली. चोर पेरुजिया आधी पकडला गेलेला होता, त्याचे ठसे पोलिसांच्या कार्डावर होते आणि चित्राच्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसाही मिळाला होता. पण नुसत्या ठशावरून कार्ड शोधायची सोयच नव्हती! चित्र सापडलं ते थेट १९१३ च्या डिसेंबरात.

सर्वांत मोठी चूक मात्र मापांच्या बाहेरची. १८९४ मध्ये कॅप्टन ड्रेफसवर हेरगिरीचा खटला चालला. बर्तियों हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हता, तरी त्याने साक्ष दिली. अक्षर जुळत नव्हतं तिथे ड्रेफसनेच मुद्दाम स्वतःचं अक्षर बिघडवलं, असा तर्क लढवला आणि त्याला आकड्यांचा मुलामा दिला. म्हणजे जुळलं तरी दोषी, नाही जुळलं तरी दोषी. निर्दोष माणूस डेव्हिल्स आयलंडवर सडत राहिला. १९०४ मध्ये पॉइन्कारेसारख्या गणितज्ञांनी ही आकडेमोड खोडून काढली, १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. बर्तियोंने मात्र आपलं मत शेवटपर्यंत सोडलं नाही. १३ फेब्रुवारी १९१४ ला तो वारला.

आज हातात मावणारा स्कॅनर अंगाला स्पर्श न करता काही सेकंदांत हातापायाचा थ्रीडी आकार घेतो. कृत्रिम पायाचा सॉकेट बनवायला, सुजलेल्या हाताचं व्हॉल्यूम काढायला तो फार उपयोगी. टेपने दर चार सेंटिमीटरवर घेर मोजत बसायला नको. पण कॅलिपर मांस दाबून हाडापर्यंत जायचा, स्कॅनर फक्त कातडी बघतो. कोपराचं हाड नेमकं कुठे, हे माणसालाच बोटाने चाचपून खूण करावं लागतं. पेशंट हलला, स्नायू ताठ झाला, संध्याकाळी सूज वाढली की आकडा बदलतो. बर्तियोंची जुनी डोकेदुखी अजून तशीच आहे.

बर्तियों आळशी नव्हता की मूर्खही नव्हता. जिथे त्याने खरोखर मोजलं तिथे तो जगाच्या पुढे होता. जिथे आधी उत्तर ठरवून मग आकडे जमवले, तिथे एका निर्दोष माणसाच्या आयुष्याची वर्षं वाया गेली. जर्नलमध्ये 'रिझल्ट' लिहून मग 'ऑब्झर्व्हेशन' भरणाऱ्या आपण सगळ्यांनी (कोण कोण ते ज्याचं त्याला माहीत!) हा माणूस लक्षात ठेवायला हवा. आपल्या टेबलावर आज मेटलचा जॉब आहे. उद्या तिथे कुणाचा तरी पाय असेल.